ब्रेकमधली हवा

१

थेल्मा गॉस्टेलोचा नवरा घर सोडून गेला, तेव्हा त्यानं आपले बूट नेले, रेडिओ नेला, भिंतीवरचं हवामानाचं घड्याळसुद्धा खिळ्यासकट उपसून नेलं. मोटार मात्र नेली नाही. नेणार तरी कशी? ती अजून मोटार झालीच नव्हती. गॅरेजात लोखंडी नळ्यांची एक चौकट, फायबरचं लाल अंग, आणि बाकी सगळी खोकी. असले सुटे भाग घरपोच पाठवणाऱ्या कंपन्या तेव्हा इंग्लंडात पुष्कळ होत्या. इंजिन, ब्रेक, पेडलं भंगारातल्या एखाद्या गाडीची काढायची आणि आपल्या हातानं सगळं जोडून दोघांपुरती, बिनदारांची, उघडी गाडी तयार करायची. किट कार म्हणत तिला. दर गल्लीत एखादा तरी नवरा सुट्टीच्या दिवशी अशा चौकटीखाली उताणा पडलेला असे. लेस्लीही पडायचा. पडून पडून कंटाळला आणि एक दिवस उठून स्केगनेसला एका खाणावळवालीकडे राहायला गेला.

लोकांना वाटलं, आता थेल्मा ती खोकी भंगारवाल्याला देऊन टाकेल. थेल्मानं लेस्लीची डांगरी धुतली, पाय दुमडून आखूड केली आणि स्वतः अंगात चढवली.

ती शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती. तिथल्या बायकांना आयताच विषय मिळाला. मुख्य स्वयंपाकीण डोरीन म्हणाली, "काय गं, आता त्या खोक्यांशी लग्न लावणार की काय?"

"लावीन की. निदान पळून तरी जाणार नाहीत," थेल्मा म्हणाली. "चाकं लावीपर्यंत तरी."

शाळेतली भांडी आवरली की दुपारी ती सायकलनं घरी येई. घर म्हणजे बिनमाडीचं, गावाबाहेरच्या सरळसोट रस्त्याच्या पार टोकाला. एका बाजूनं पाण्याचा खोल चर, दुसऱ्या बाजूनं कोबी आणि बीटाची शेतं, आभाळाला टेकेपर्यंत सपाट. रस्त्यावरून बीटाच्या ट्रकांशिवाय काही जात नसे, आणि बीट संपल्यावर तेही नाही. चहाचा थर्मास भरायचा, डांगरी घालायची, स्वयंपाकघरातल्याच दारानं गॅरेजात उतरायचं आणि उजेड जाईपर्यंत जोडकाम करायचं. सुरुवातीला ती चिडून करायची. पुढे पुढे हाताला गोडी लागली. खोक्यांनी घर व्यापलं होतं. बोळात खोकी, पलंगाखाली खोकी, ओट्यावर गाडीचे दिवे. फक्त मागच्या छोट्या खोलीत तिनं एकही खोकं ठेवलं नव्हतं. त्या खोलीचं दार बंद असायचं.

रविवारी सेड्रिक पिंचबेक यायचा. तो तालुक्याच्या गावातल्या मोटारी जोडणाऱ्यांच्या मंडळातला. तिच्याहून थोडा मोठा, विधुर. आधी चर्चच्या आवारात बायकोच्या, मेव्हिसच्या थडग्यावर फुलं ठेवायची आणि मग इकडे यायचं, असा त्याचा नेम. गुडघ्यांना ओली माती तशीच. येताना मनुका घातलेला पाव आणायचा, उपड्या खोक्यावर बसून खायचा आणि अक्कल शिकवायचा. "बाई, असे नट आवळतेस की सोडवायला उद्या क्रेन आणावी लागेल." थेल्मा तोच नट आणखी एक वेढा आवळायची. पण रविवारी सकाळपासून तिचा एक कान रस्त्याकडे असे, एवढं खरं.

२

ब्रेकचं काम निघालं तेव्हा हिवाळा तोंडावर आला होता.

नळ्यांत ब्रेक ऑइल भरलं की त्यात हवा अडकते. ती काढल्याशिवाय ब्रेक लागत नाही. पाय नुसता खाली जातो. हवा काढायला दोघं लागतात. एकानं सीटवर बसून पेडल दाबून धरायचं. दुसऱ्यानं चाकाशी पडून मागचा छोटा स्क्रू सैल करायचा. त्याला लावलेल्या पारदर्शक नळीतून ऑइल आणि बुडबुडे बाटलीत येतात. स्क्रू आवळला की वरच्यानं पाय सोडायचा. असं पुन्हा पुन्हा, चारी चाकांना.

सेड्रिक म्हणाला होता, मी येऊन बसतो. थेल्मानं नको म्हटलं. एका पेडलापायी पुरुष आणावा लागला, हे डोरीनच्या कानावर जायला नको होतं. तिनं लांब दांड्याचा झाडू आणला. सीट आणि पेडल यांच्यामध्ये दांडा अडकवायचा, खाली येऊन स्क्रू सोडायचा, पुन्हा वर जाऊन दांडा काढायचा. वेळ लागेल, पण वेळ तिच्याकडे रग्गड होता.

त्या दुपारी झाडू भिंतीला टेकवून ती आधी मागच्या चाकाशी आडवी झाली, नळी बसवायला. फरशी गार होती. पूर्वी लेस्लीच्या जुन्या व्हॅनमध्ये हेच काम निघे, तेव्हा ती वर असायची आणि लेस्ली खालून खेकसायचा. ते आठवून तिला हसू आलं. त्याच्याच खरखरीत आवाजात ती म्हणाली, "दाब!" आणि सवयीनं हातातला पाना फिरवला.

नळीतून ऑइल आलं, बुडबुड्यांनी फेसाळलेलं.

तिनं स्क्रू आवळला. "सोड." डोक्यावर पेडलाची स्प्रिंग कुरकुरली. "दाब." पुन्हा ऑइल. "सोड." हात एकदा कामाला लागले की डोकं मागं राहतं. बाटलीत बोटभर ऑइल जमेपर्यंत तिच्या काही ध्यानात आलं नाही. मग बाटली सरळ करताना तिची नजर चाकाच्या आरपार भिंतीकडे गेली. झाडू भिंतीला टेकलेला होता, तिनं ठेवला होता तसाच.

ती बाहेर सरकली आणि गाडीला धरून उभी राहिली. गाडीत कुणी नव्हतं. फक्त चालकाच्या सीटवरची गादी हळूहळू वर येत होती, फुगलेल्या कणकेतून बोट काढल्यावर खळगा भरत येतो तशी.

३

थेल्मा भित्री नव्हती आणि खुळीही नव्हती. तिनं स्वयंपाकघरात बसून सगळ्याची संगती लावली. ऑइल आपल्या वजनानंही खाली उतरतं. थंडीनं स्प्रिंगा कुरकुरतात. गादी नवीन स्पंजाची, ती फुगणारच. प्रत्येक गोष्टीला कारण होतं. फक्त ती सगळी कारणं तिच्या 'दाब' आणि 'सोड' यांच्या तालावर कशी आली, तेवढंच राहत होतं.

मग तिला लेस्लीची किल्ली आठवली. त्यानं ती परत दिलीच नव्हती. येत असेल मेला चोरून, आपली गाडी पाहायला. या विचारानं तिला राग आला आणि रागानं बरं वाटलं. तिनं स्केगनेसला फोन लावला. खाणावळवालीनं उचलला.

"तो? तो कुठं जातोय, बाई. पाय प्लास्टरात आहे त्याचा. स्टुलावर ठेवून बसलाय आणि घंटी वाजवून चहा मागतोय. तुम्हाला हवाय का परत?"

थेल्मा म्हणाली, नको. तरी तिनं कुलूप बदललं.

दुसऱ्या दिवशी तिनं गव्हाच्या पिठाचा डबा गॅरेजात नेला. गाडीभोवतीच्या फरशीवर चाळणीनं पीठ भुरभुरलं, केकवर साखर भुरभुरावी तसं. सीटवर भुरभुरलं, पेडलांवर भुरभुरलं. मागं मागं सरकत ती स्वतः चाकाशी आली, आडवी झाली आणि पुष्कळ वेळ काही बोललीच नाही. छपराच्या पत्र्यावर एक कावळा चालत होता. तो उडून गेला. मग ती म्हणाली, "दाब."

तिचा आवाज तिला स्वतःलाच जेमतेम ऐकू आला. पण वर ऐकू गेला होता. गाडीच्या स्प्रिंगा जराशा दबल्या आणि नळीत ऑइल सरकलं.

ती उठली तेव्हा सीटवरच्या पिठात मधोमध खोलगट जागा पडलेली होती. ब्रेकच्या पेडलावरचं पीठ पुसलं गेलं होतं. आणि फरशीवरचं पीठ सपाट, कुठे ओरखडासुद्धा नाही. कुणी आलं नव्हतं आणि कुणी गेलंही नव्हतं.

मग मात्र तिनं गॅरेजचं दार ओढून घेतलं आणि कितीतरी दिवस उघडलं नाही.

४

ख्रिसमसची सुट्टी लागली. शाळा बंद, रस्ता ओस, सेड्रिक आपल्या बहिणीकडे गेलेला. थेल्मा सकाळी उठे, शेगडी पेटवी, चहा करी आणि मग दिवस समोर येऊन बसे. टीव्हीवर माणसं एकमेकांना मिठ्या मारत होती. एकदा दूधवाल्याशी बोलताना तिचा आवाज फुटेना, घसा खाकरावा लागला. तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपण तीन-चार दिवसांत तोंडच उघडलेलं नाही.

भिंतीपलीकडे गॅरेज होतं. तिथं जे होतं त्यानं आजवर तिचं काय वाईट केलं होतं? सांगितलं तेव्हा दाबलं होतं, सांगितलं तेव्हा सोडलं होतं. लेस्लीनं एवढंही कधी ऐकलं नव्हतं.

ती पुन्हा खाली उतरू लागली.

सुरुवातीला ती फक्त कामापुरतं बोले. हा स्क्रू अडलाय, आज थंडी फार आहे, उद्या पुढची चाकं घेऊ. पेडल दाबलं जाई, सुटे. तिनं कधी डोकं वर काढून पाहिलं नाही. पाहायचं नाही, असं तिनं ठरवलं नव्हतं. पण सोबत टिकवायची तर काही गोष्टी पाहायच्या नसतात, हे लग्न झालेल्या बाईला सांगावं लागत नाही.

मग एका दुपारी खिडकीतून तिला चर दिसला. पाण्यावर बर्फाची पातळ साय धरली होती. ती पुष्कळ वेळ बघत राहिली. नंतर गाडीखाली आडवी झाली आणि जी गोष्ट ती लेस्लीशी कधी बोलू शकली नव्हती, पाद्र्याशी नाही, स्वतःच्या आईशीसुद्धा नाही, ती तिनं सांगायला घेतली. त्या दिवशी थोडी. दुसऱ्या दिवशी जरा पुढची. वरून कुणी हुंकार दिला नाही. फक्त ती थांबली की पेडल आपसूक हळूच खाली जाई आणि वर येई, पुढे सांग म्हटल्यासारखं. हातात पाना नुसता धरलेला राही. डोळ्यांतलं पाणी कानांत जाई.

गोष्ट सांगून संपली त्या संध्याकाळी तिला फार हलकं वाटलं. कितीतरी वर्षांनी ती गाढ झोपली.

त्यानंतर एक-दोन गोष्टी झाल्या, अगदी किरकोळ. गाडीची काच ठेवायला जागा मिळेना, म्हणून तिनं मागची छोटी खोली उघडली. एवढी चांगली खोली आपण रिकामी का ठेवली, याचं तिला नवल वाटलं. भिंतीच्या कागदावर शिडाच्या निळ्या होड्या होत्या. आधीच्या घरमालकाची मुलंबाळं असतील, असं म्हणत तिनं काच आत ठेवली आणि कापडी टपाचं खोकंही ढकललं.

फेब्रुवारीत एके दिवशी भांडी पुसता पुसता डोरीन हलक्या आवाजात म्हणाली, "उद्या येऊ नकोस तू. मी सांभाळून घेईन."

"का गं? उद्या काय आहे?"

डोरीन तिच्याकडे बघत राहिली. मग काही नाही म्हणाली आणि फडकं पिळू लागली. दुसऱ्या दिवशी थेल्मा नेहमीप्रमाणे कामावर गेली. दिवसभर सगळ्या जणी तिच्याशी जपून वागत होत्या. कुणी टोमणा मारला नाही. घरी येताना तिला उगीच चुकल्यासारखं वाटत होतं, छत्री कुठंतरी राहावी तसं.

आणि आणखी एक. 'दाब' म्हटल्यावर गाडी आता पूर्वीपेक्षा जास्त दबत होती.

५

वसंत आला, शेतं हिरवी झाली, गाडी उभी राहिली. इंजिन बसलं, दिवे बसले, लाल अंग चढलं. हवा मात्र संपेना. रोज बुडबुडे येत, रोज पेडल मऊ ते मऊच.

सेड्रिकनं पायानं दाबून पाहिलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "सगळा हिवाळा हवा काढतेस तू. येते कुठून एवढी? सरक, आज मी बसतो वर. आणि हे बघ, डोरीनला नाही सांगत."

थेल्मानं नको म्हटलं. आज कंटाळा आलाय म्हटलं, चहा घेऊ म्हटलं. पण मनातून तिला वाटत होतं की होऊ दे एकदाचं. माणसाचं वजन त्या सीटवर पडलं की बाकीचं आपोआप निघून जाईल. दिवा लावल्यावर अंधार जातो तसं. सेड्रिक हुश्श करत आत बसला. गुडघ्यांवर थडग्याची माती होती. त्यानं पाय लांब केले आणि ती पुढच्या चाकाशी आडवी झाली.

"दाब."

दाबलं गेलं. बुडबुडे आले.

"सोड."

काम सुरळीत चाललं होतं. बाहेर उन्हात चिमण्या भांडत होत्या. थेल्माच्या मनावरचा ताण हळूहळू उतरला. मग वरून सेड्रिक म्हणाला, "हो, तिनंच लावलं होतं ते झाड. पेअरचं."

"काय म्हणालास?" थेल्मानं विचारलं.

त्याला ऐकू गेलं नसावं. थोडं थांबून तो म्हणाला, "नाही. शेवटी शेवटी मला ओळखत नव्हती." त्याचा आवाज निराळाच होता. खोक्यावर बसून अक्कल शिकवणारा नव्हे. समोरच्याचा प्रश्न नीट ऐकून, विचार करून उत्तर देणारा. "शिटी वाजवायची ना. भांडी घासताना. सूर नाही, ताल नाही... हो, आठवते की. रोज आठवते."

थेल्मानं काहीही विचारलं नव्हतं. दुसरा कुठला आवाजही नव्हता. सेड्रिक बोले, थांबे, पुन्हा बोले. ती थांबण्याची जागा बरोबर एका प्रश्नाएवढी होती.

स्टीअरिंगचा दांडा ज्या भोकातून आत जातो, त्याचं रबर अजून बसायचं होतं. मूठभर फट होती. थेल्मा कोपरांवर सरकली आणि तिनं त्या फटीला डोळा लावला.

आत सावली होती. ब्रेकच्या पेडलावर सेड्रिकचा तपकिरी बूट तिला दिसला. दुसरा बूट उजवीकडे, गाडीच्या तळाला टेकलेला. आणि डावीकडे, क्लचच्या पेडलाजवळ, एक अनवाणी पाय होता.

तो टेकलेला नव्हता. लोंबत होता. उंच खुर्चीवर बसलेलं पोर हलवतं तसा मागेपुढे, अगदी सावकाश, हलत होता. पाय मोठ्या माणसाचा होता, चांगला थोराड. पण झुलताना तळवा तिच्याकडे वळला, आणि त्यावर एकही रेघ नव्हती. भेग नव्हती, घट्टा नव्हता, टाचेला जाड कातडी नव्हती. जन्मल्यापासून ज्यानं जमिनीला पाय लावला नाही अशाचा तो तळवा होता.

सेड्रिक म्हणत होता, "मेव्हिस. मेव्हिस म्हणायचे तिला."

पाय हलायचा थांबला.

थेल्मानं पान्यानं चौकटीवर ठोकलं. "सेड्रिक. उतर खाली. आत्ता उतर."

तो उतरला. ती बाहेर आली तेव्हा तो गाडीला टेकून उभा होता. चेहरा नुकताच धुतल्यासारखा. सीट रिकामी होती. त्यानं डोळे टिपले आणि हसला.

"किती वर्षांनी कुणीतरी विचारलं, थेल्मा. आणि खालून तुझा आवाज किती मऊ येतो गं."

"मी काय विचारलं?"

"बरं बाई, नाही विचारलंस," तो म्हणाला आणि पावाचा मोठा तुकडा तोडून चवीनं खाऊ लागला.

६

आठवडाभर गॅरेजला कुलूप होतं. थेल्मा किल्ली एप्रनच्या खिशात घेऊन वावरत होती. गाडी विकायची, आहे तशी कुणालाही देऊन टाकायची, हे तिनं ठरवलं होतं. सेड्रिकला काय आणि किती सांगायचं, तेवढंच ठरत नव्हतं.

रविवारी तो नेहमीपेक्षा बराच लवकर आला, शीळ घालत. पँटचे गुडघे स्वच्छ होते. तिनं त्याला स्वयंपाकघरात बसवलं, चहा ओतला आणि काहीतरी विषय काढायचा म्हणून विचारलं, "आज मेव्हिसकडे गेला नाहीस?"

"कुणाकडे?"

"मेव्हिसकडे."

तो सभ्यपणे हसला. कानाला कमी ऐकू येणारी माणसं हसतात तसा. "ओळखीची आहे का तुझ्या?"

थेल्माला वाटलं, थट्टा करतोय. पण सेड्रिक असली थट्टा करणारा नव्हता. तिनं सांगायला सुरुवात केली. चर्चच्या जत्रेत मेव्हिस लिंबाचा मुरंबा विकायची, शिटी वाजवायची, अंगणात पेअरचं झाड लावलं होतं, शेवटी फार झिजली. सेड्रिक मान कलती करून ऐकत होता. मधेच 'बिचारी' म्हणाला.

"सेड्रिक, तुझी बायको होती ती. अख्खा जन्म काढलास तिच्याबरोबर."

त्यानं आपल्या बोटातली अंगठी पाहिली. ती फिरवली. "ही मला वाटतं वडलांची," तो म्हणाला, पण म्हणता म्हणता त्याचा आवाज डळमळला. अंगठीखालची कातडी पांढरी, खोल दबलेली होती. तो बराच वेळ तिथंच बघत राहिला. मग आपलं भय झटकून टाकावं तसं घाईघाईनं म्हणाला, "माझं सोड. वय झालं माझं. मला तुझीच काळजी वाटतेय. विचारीन म्हणत होतो. यंदा रॉबिनकडे गेली नाहीस तू. फेब्रुवारीत मी तिथं होतो, कशाला गेलो होतो कोण जाणे. त्याच्या दगडापाशी एक फूल नव्हतं."

"कोण रॉबिन?" थेल्मानं विचारलं.

सेड्रिकनं कप खाली ठेवला. त्याच्या तोंडावर आत्ता जे उमटलं होतं, तेच क्षणापूर्वी आपल्या तोंडावर होतं, हे तिला कळलं. तिची बुद्धी शाबूत होती. दोन आणि दोन तिला जोडता येत होते. तिनं टेबलाची कड धरली.

"सांग," ती म्हणाली. "मी कोण होते त्याची, ते सांग. सगळं सांग, काही गाळू नकोस."

आणि सेड्रिकनं सांगितलं. तुझा मुलगा, असं त्यानं सुरुवातीला एकदा म्हटलं. मग तिच्या डोळ्यांकडे बघून तू म्हणायला त्याची जीभ रेटेना, तेव्हा तो 'त्याची आई' म्हणू लागला. मागची छोटी खोली त्या पोराची होती. त्याला होड्यांचं वेड होतं. आईनं विणलेली लाल टोपी तो झोपतानाही काढायचा नाही. एका फेब्रुवारीत चरावर बर्फ धरला होता आणि पोरानं घरात केलेली लाकडाची होडी त्या बर्फावर ढकलली. होडी मधोमध जाऊन थांबली. आईनं स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्याला काठावर पाहिलं. हात पुसले, दार उघडलं, आणि तेवढ्यात काठावर कुणी नव्हतं. सारा गाव शिड्या आणि दोर घेऊन धावला. सेड्रिक स्वतः कमरेएवढ्या पाण्यात होता. टोपी आधी मिळाली. त्याच्या आईला चौघांनी धरून ठेवलं होतं. ती ओरडत नव्हती, नुसती हात पुढे करून उभी होती.

सांगता सांगता तो एकदा थांबला. भिंतीपलीकडे कुलपाआड एक स्प्रिंग कुरकुरली, सावकाश खाली गेली आणि वर आली. दोघांनीही ती ऐकली. दोघांनीही मान वळवली नाही. सेड्रिक पुढे सांगू लागला.

त्याचं संपलं तेव्हा चहा गार झाला होता. त्याचे गाल ओले होते. थेल्मानं डोळ्यांना लावायला रुमाल आधीच काढून ठेवला होता. तो कोरडाच राहिला. तिला वाईट वाटलं नाही असं नाही. वर्तमानपत्रातली लांबच्या गावची बातमी वाचून वाटतं, तेवढं वाटलं.

"अरेरे," ती म्हणाली. उठून तिनं किटलीत पाणी भरलं, शेगडीवर ठेवलं, आणि त्याच्याकडे वळून मनापासून विचारलं, "मग पुढे त्याच्या आईचं काय झालं?"